अक्काचा फोन, कानातलं यंत्र आणि बीपीचं मशीन: नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीपासून अक्कासाठी पाच वस्तू आणल्या. स्मार्टफोन, मनगटावरचं घड्याळ, ऑनलाइन मागवलेलं कानातलं स्वस्त यंत्र, मग खरं श्रवणयंत्र, आणि बीपीचं मशीन. आता श्रावण लागलाय. तीन वस्तू रोज वापरात आहेत, घड्याळ परत गेलं, आणि ते स्वस्त यंत्र फडताळात जर्मनच्या डब्यात पडलंय.

अक्का माझी थोरली बहीण. वय ७६. औसा तालुक्यात, किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात एकटीच राहते. दाजी टपाल खात्यात होते, त्यांच्या मागं तिला पेन्शन मिळते. मी लातूरला. एस.टी.च्या आगारात इलेक्ट्रिशियन म्हणून ३१ वर्षं काढली, त्यामुळं वस्तू बघायची एक खोड लागलीय. ती काय काय करते हे मी नंतर विचारतो. आडरानात बंद पडली तर ड्रायव्हरला एकट्याला काय करता येईल, हे आधी बघतो. म्हाताऱ्या माणसाला वस्तू घेताना ही खोड फार कामाला आली.

लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानात फोन बघायला गेलो. काउंटरवरचं पोरगं कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते सांगत सुटलं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रातच्याला बॅटरी कुठनं लावायची?" पोरगं हसलं. मी नाही हसलो. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, तिनं अंधारात लेकराला चाचपडत बाहेर काढलं होतं. तेव्हापासून उशाला बॅटरी ठेवल्याशिवाय ती झोपत नाही. गेली काही वर्षं हे काम तिचा बटनांचा साधा फोन करत होता: वरचं एक बटन दाबलं की उजेड. स्मार्टफोनमध्ये वरून पडदा ओढायचा, त्यातलं चित्र शोधायचं, त्यावर टिचकी मारायची. घाबरलेल्या माणसानं, चष्मा नसताना? तिथंच ठरवलं की जुना फोन मोडीत काढायचा नाही. तो उशाला, स्मार्टफोन दिवसाला. दोन फोन कशाला म्हणून भाच्यानं नाक मुरडलं. पण वैशाखात वाऱ्या-वादळानं लाईट दोन दोन दिवस गेली, तेव्हा स्मार्टफोन पहिल्याच रात्री आडवा झाला आणि साधा फोन पुरून उरला.

गंमत म्हणजे स्मार्टफोनवर तिचा जीव बसला तोही भूकंपामुळंच. अँड्रॉइड फोनवर २०२३ पासून आपल्याकडं भूकंपाची सूचना येते. फोनमधला हालचाल ओळखणारा भाग धक्का टिपतो, बऱ्याच फोनांनी एकाच वेळी टिपला की लांबच्या लोकांना काही सेकंद आधी कळतं. अगदी जवळ असणाऱ्याला हा वेळ मिळेलच असं नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. सेटिंगमध्ये ते चालू असल्याचं दाखवलं. त्या दिवसापासून फोन तिच्या लेखी खेळणं राहिला नाही.

आता बोटांचं. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आयुष्यभर खुरपून, भाकऱ्या थापून अक्काच्या बोटांची कातडी कोरडी आणि जाड झालीय. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही तो याच्यामुळंच. असल्या बोटाला काच दाद देत नाही. दाद देत नाही म्हणून माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतं. जास्त वेळ दाबलं की फोनला वाटतं तुम्हाला दुसरंच काही पाहिजे. चित्रं हलायला लागतात, भलताच तक्ता उघडतो, एखादं चित्र गायबही होतं. "आरं बाळू, म्या काय केलंच न्हाई, ह्ये आपोआप झालं." तिचं खरंच होतं. अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये दाबून धरायचा वेळ वाढवायची सोय असते. ती 'लांब' वर केली, काचेवर चिकटवलेली जाड काच काढून टाकली, आणि निम्म्या तक्रारी मिटल्या. दुकानातच त्यांचं बोट काचेवर लावून बघा. आपलं नाही, त्यांचं.

दुसरं, नव्या फोनमध्ये बोट सरकवून मागं यायची पद्धत असते. ती बंद करून खाली तीन बटनं आणली. मधलं बटन म्हणजे घर. कुठंही भरकटली तरी ते दाबलं की वाड्यातल्या ओसरीवर आल्यासारखं. मला विचाराल तर सगळ्या नऊ महिन्यांत सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. तिला फोन चालवायची भीती नव्हतीच, चुकलं तर परत कसं यायचं याची होती.

अक्षर मी हौसेनं सगळ्यात मोठं केलं आणि फसलो. पैसे पाठवायच्या अॅपमधलं खालचं बटन पडद्याबाहेरच गेलं. एक पायरी कमी केल्यावर जमलं. पहिल्या पानावर सहाच चित्रं ठेवली, त्यातली दोन म्हणजे लेकाचा आणि माझा फोटो. फोटो दाबला की थेट फोन लागतो. मराठीत बोलून लिहायची सोय तिला शिकवली, पण "मी येऊलालाव" म्हटलं की फोन काहीच्या बाही लिहितो. आमच्या भागातली बोली त्याला अजून झेपत नाही. म्हणून ती आवाजच रेकॉर्ड करून पाठवते. ते बरंय, निदान खोकला कसा आहे ते कळतं.

शिकवण्याबद्दल एकच. पुण्याहून लेक आला की आईच्या हातातला फोन घेतो, टकाटक चार ठिकाणी दाबतो आणि "झालं बघ" म्हणून परत देतो. काय झालं ते तिला कळत नाही, आणि पुढच्या वेळी ती हातच लावत नाही. मी हात पाठीमागं बांधून बसायचो. वीस मिनिटं लागली तरी चालतील, बोट तिचंच फिरलं पाहिजे. वहीत तिनं तिच्या शब्दांत लिहून ठेवलंय: 'हिरवं चित्र – पोराचं तोंड दिसतं.' माझ्या शब्दांत लिहून दिलेला कागद तिनं एकदाही उघडला नाही.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली. आधी दरवर्षी त्यासाठी लातूरची खेप आणि रांग. अंगठा उठत नसल्यामुळं मशीनवरचा दाखलाही एकदा अडला होता. चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय २०२१ मध्ये आली, साध्या अँड्रॉइड फोनवर होते. जीवन प्रमाण आणि आधारचं चेहरा ओळखणारं अॅप, अशी दोन घ्यावी लागतात. आधी फोन चालवणाऱ्याचा चेहरा, म्हणजे माझा. मग आधार नंबर, पेन्शनचा पीपीओ नंबर, खातं, आणि शेवटी तिचा चेहरा. घरात अंधार होता म्हणून दोनदा नापास झालं. अंगणात तुळशीपाशी उभी केली, डोळे मिचकाव म्हटलं, झालं. मेसेज आल्यावर ती म्हणाली, "म्हंजे म्या जिती हाय असं ह्या फोननं सांगितलं व्हय?" ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन दाखला करून देतो. दाजींच्या खात्याची ही सोय अक्काला आधी माहीत असती, तर तिनं मला अंगणात कवायत करू दिली नसती.

कानाचं प्रकरण महाग पडलं, पैशानं आणि वेळानंही. "ऐकू येतंय रे, पण कळंना झालंय," असं ती दोन वर्षं म्हणत होती आणि आम्ही आणखी मोठ्यानं ओरडत होतो. वयानं कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क विरतात, 'सात' आणि 'हात' सारखेच वाटतात, बायका-लेकरांचं बोलणं आधी निसटतं. अशा वेळी सगळाच आवाज वाढवून उपयोग नसतो. भाच्यानं मागवलेलं दीड हजाराचं यंत्र नेमकं तेच करायचं: पंखा, पातेलं, कुत्रं, सगळं मोठं. आठ दिवसांत तिनं काढून ठेवलं. मग लातूरला कानाची रीतसर तपासणी केली, त्या तपासणीच्या आलेखाप्रमाणं लावून दिलेलं कानामागचं यंत्र घेतलं.

चार्जिंगचं घ्यावं की सेलचं, यावर दुकानदार आणि माझं जुंपलं. तो म्हणे चार्जिंगचं सोपं. सोपं खरं, पण लाईट दोन दिवस गेली तर कान बंद. सेलचं घेतलं, तेही केशरी खुणेचं १३ नंबरचं. त्याहून लहान सेल तिच्या चिमटीत टिकत नव्हते. या सेलच्या पाठीला एक कागद चिकटवलेला असतो. तो काढला की हवा आत शिरते आणि सेल चालू होतो, मग वापरा न वापरा, उतरतच जातो. हे मला माहीत होतं. तिला सांगायचं राहिलं. अक्कानं सहाच्या सहा सेलांचे कागद सोलून, पुसून, नीट डबीत मांडून ठेवले, ऐन वेळी खटपट नको म्हणून. महिनाभरात सगळे गेले. चूक माझी, बोलणी दुकानदारानं खाल्ली.

पहिले तीन आठवडे ती वैतागलेली होती. स्वतःचं चघळणंही ऐकू येतं म्हणायची. दिवसा तासभर, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलणं, असं वाढवत नेलं. संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला आल्या तेव्हा तिनं ते काढून ठेवलं, कारण दहाजणींचा गलका अजूनही तिला झेपत नाही. हे यंत्र कान नवा करून देत नाही. पावसाळ्यात रात्री सेलचं दार उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवतो.

घड्याळाचं थोडक्यात. बीपी दाखवतं म्हणून भाच्यानं आणलं होतं. मला शंका आली म्हणून पंच्याची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर बांधलं. पंच्याची नाडी ७२ आली. परत केलं.

दंडाला पट्टा बांधायचं साधं मशीन मात्र झकास आहे. आकडे मोठे, बटन एक, आणि पेन्सिल सेलवर चालतं. पट्टा दंडाच्या मापाचाच घ्या, लहान पट्ट्यानं बीपी उगीच जास्त दिसतं. एकदा १७२ आलं म्हणून घाबरून फोन केला. विचारलं तर पाच मिनिटांपूर्वी बांधावरून शेजाऱ्याशी कडाकडा भांडून आली होती. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून घे म्हटलं. १३८. गप्प बसायचं हेच तिला मशीनपेक्षा अवघड जातं. आकडे वहीत लिहिते, डॉक्टरांनी त्या वहीवरून गोळी बदलली.

लग्नसराईत एक गंडांतर टळलं. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअॅपला 'लग्नपत्रिका' आली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे उघडली तर फोनमध्ये भलतंच अॅप घुसवणारी. अक्कानं दाबली, पण व्हॉट्सअॅपला असली अॅप टाकायची परवानगी मी आधीच बंद केलेली होती, म्हणून तिथंच अडकली. शिवाय पेन्शनचं खातं फोनला जोडलेलंच नाही. दोन हजार ठेवलेलं वेगळं खातं आहे, गेलं तर तेवढंच जाईल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि गेलेच तर लगेच १९३० ला फोन, ही दोन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात आहेत. पत्रिकेबद्दल तिला राग एवढाच आला की लग्न कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काल व्हिडिओ कॉल केला तर नेहमीसारखं आढं दिसत होतं, तिचं तोंड नाही. आता डाव्या कानालाही यंत्र घेऊ म्हटलं. ती म्हणाली, सोयाबीन निघू दे, भाव बघू, मग बघू.