हातात काम आणि कानात वचन: मराठी ऑडिओ बायबल वापरून बघितलं

ज्यांचे हात दिवसभर कामात असतात आणि रात्री बायबल उघडलं की दोन वचनांतच डोळे मिटतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबलची फुकट अ‍ॅप मिळतात, त्यातलं एक मी बरेच महिने वापरतेय आणि मनापासून सांगते, घ्याच. माझ्याकडून चार स्टार, पाचवा का नाही ते पुढं लिहिलंय.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये आहे. एप्रिल-मे म्हणजे शाळा उघडायच्या आधीची घाई, डोक्यावर पत्रा, पारा चाळीसच्या पुढं आणि पैसे नगावर, त्यामुळं मान वर करायची सोय नाही. एका कानात इअरफोन घालायचा, दुसरा कान मोकळा ठेवायचा म्हणजे सुपरवायझरची हाक ऐकू येते, आणि मत्तय, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारं बायबलमधलं पुस्तक, लावलं की कॉलर लावता लावता दोनतीन अध्याय आरामात होतात.

आता खरा फायदा सांगते. वाचताना आपण अध्याय संपला की थांबतो, ऑडिओ थांबत नाही, पुढचा आपोआप सुरू होतो. येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (शिकवणीची गोष्ट) संडेस्कूलपासून माहीत आहे, मत्तय २० मधला. पहाटे लागलेला आणि दिवस मावळायला तासभर राहिला तेव्हा लागलेला, मालक दोघांना सारखीच मजुरी देतो. नगावर काम करणाऱ्या माणसाला हे टोचणारच. पण सलग ऐकताना आधी १९ वा अध्याय कानावरून जातो, आणि तिथं शेवटी शेवटी येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो, आम्हाला काय मिळणार? म्हणजे हा दाखला त्या प्रश्नाच्या पाठोपाठ आलाय! येशू पेत्राला झिडकारत नाही, शंभरपट मिळेल असं आधी सांगतो, आणि मग दुसऱ्याच्या हातात किती पडलं ते मोजणाऱ्या मनाला धरतो. दोन अध्यायांच्या मधल्या आकड्यामुळं हा धागा तुटतो, कानाला तो आकडा दिसतच नाही.

आणि संध्याकाळपर्यंत उभे राहिलेले मजूर काय म्हणतात बघा, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. आपल्याकडं सकाळी चौकात मजूर उभे असतात, दहा-अकरा वाजले तरी काहीजण पिशवीत डबा घेऊन तसेच थांबलेले दिसतात, ते आळशी नसतात हो, त्यांना कुणी नेलेलं नसतं आणि घरातली पोरं तर जेवायला मागणारच. मालक तासाचा भाव लावत बसत नाही, घर चालायला दिवसाला जे लागतं ते देतो. तेही त्याच संध्याकाळी, कारण मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही हे नियमशास्त्रातच, म्हणजे मोशेच्या नियमांतच आहे, लेवीय १९:१३. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. कृपा या विषयावर चर्चमध्ये पाळकसाहेबांची चांगली प्रवचनं ऐकलीत, पण 'दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं' ही तक्रार मे महिन्यात पत्र्याखाली कानात पडते तेव्हा त्या तक्रारीतला घाम कळतो, आणि तरी मालकाचंच बरोबर आहे हेही कळतं.

नव्या करारातली पत्रं तर ऐकायलाच हवीत. ती मुळात मंडळीत मोठ्यानं वाचून दाखवायला लिहिलेली, प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की शेजारच्या लावदिकीया गावच्या मंडळीतही वाचायला लावा. फिलिप्पैकरांचं पत्र चारच अध्यायांचं, एका बैठकीत संपतं. सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो हे त्यातलंच वचन, कॅलेंडरवर, स्टेटसला, रिक्षाच्या मागं सगळीकडं असतं. पण त्याच्या आधीचं वाक्य कोण लावतं? पोट भरलेलं असो की उपाशी, भरपूर असो की टंचाई, दोन्हींत राहायला मी शिकलोय असं पौल बेड्यांत असताना म्हणतो. म्हणजे ते यशाचं वचन नाहीच, टिकून राहायचं आहे.

म्हणूनच अ‍ॅपमधलं 'आजचं वचन' मला पटत नाही. डोंगराच्या फोटोवर यिर्मया २९:११ येतं, तुमच्या भल्याचे संकल्प वगैरे, आणि आपण आमेन टाकून मोकळे. ते वचन बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलंय आणि त्याच्या वरच्याच ओळीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय! तेवढा धीर धरायला लावणारा देव फोटोत मावत नाही. वचनावर बोट ठेवून पूर्ण अध्याय उघडता येतो, तेवढं तरी करा.

शेजारच्या मशीनवरची अक्का पद्मशाली समाजाची, घरी तेलुगू बोलतात, सिद्धेश्वरच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, न चुकता जाणारी. 'काय ऐकायलीस गं एवढं?' म्हणाली. भाषा बदलून तेलुगू लावून दिलं, मत्तयातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन. उद्याची काळजी करू नका इथं तिनं हातानं थांबवायची खूण केली आणि म्हणाली, परत लाव. मशीन पण थांबवली होती तिनं, घाईच्या दिवसांत.

तक्रारी आहेत. आवाजामागं म्युझिक आहे ते ओव्हरलॉक मशीनच्या आवाजात मिसळून शब्द खातं. सलग किती दिवस ऐकलं याचा आकडा दाखवतात, आजारपणात तो तुटला की उगाच अपराधी वाटतं, मी ते नोटिफिकेशन बंदच केलंय. पत्र्याखाली नेट येत नाही म्हणून घरूनच डाउनलोड करून न्यावं लागतं.

भाषांतरं एकापेक्षा जास्त आहेत, सोपं वाटेल ते बिनधास्त घ्या. पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं ते शिकल्या-न शिकल्या बायकांना कळावं म्हणूनच, १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून आलं.

सुरुवात मार्कपासून करा, गोष्ट भराभर पुढं जाते. वेळ अगदीच नसेल तर पौलाचं फिलेमोनाला पत्र, पंचवीसच वचनं, चहाच्या सुट्टीत होतं. घरात डोळ्यांनी अधू कुणी असेल तर फोनच्या पहिल्याच स्क्रीनवर अ‍ॅप ठेवून द्या आणि स्पीड थोडा कमी करा.