उन्हाळी सत्राचे विषय : पुढचं सेमिस्टर संपल्यावरचा अनुभव

ट्रान्सक्रिप्ट हातात आलं आणि उन्हाळ्यातल्या समाजशास्त्रासमोर 'डब्ल्यू', म्हणजे विषय मध्येच सोडल्याचा शेरा, दिसला. विषय सोडला, फी मात्र पूर्ण गेली. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा सविस्तर लिहिते. क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं वजन मोजायचं एकक आणि उन्हाळी सत्र म्हणजे सुट्टीत थोड्या आठवड्यांत उरकलेलं सेमिस्टर, एवढं लक्षात असलं की पुरे.

मी तीन-तीन क्रेडिटचे तीन विषय घेतले होते : संख्याशास्त्र, एक परकी भाषा आणि समाजशास्त्र.

आधी विषय सोडला तर फी परत मिळण्याच्या शेवटच्या तारखेबद्दल. एरवीच्या सेमिस्टरमध्ये फी परत मिळण्याची मुदत अशी असते, की तोवर शिक्षक कसे शिकवतात, वाचायला किती देतात याचा अंदाज येतो. आमच्या सहा आठवड्यांच्या सत्रात ती पहिल्याच आठवड्यात संपली. सत्र आखडलं म्हणून मुदत आखडली, इथवर ठीक. पण पहिली असाइनमेंट तपासायला लागणारा वेळ थोडाच आखडतो? पहिले मार्क हाती आले तेव्हा पैसे परत मिळायचा दरवाजा बंद झाला होता. त्यानंतरची मुदत फक्त शेऱ्यापुरती : त्या तारखेपर्यंत सोडलं तर नापास न दाखवता 'डब्ल्यू' देतात, पैसे नाहीत. कार्यालयाला मेल केला तर उत्तर एकच, 'तारखा दिनदर्शिकेत दिलेल्या आहेत.' अहो, छापलेल्या आहेतच! पण विषय झेपतोय की नाही हे कळायच्या आत पैशांचा निर्णय घ्या, हा कुठला न्याय? अजून मेल चालू आहेत.

विषय निवडताना आधी ही तारीख बघा, मग सिलॅबसमध्ये पहिलं मूल्यमापन कधी आहे ते बघा. मुदतीच्या आत काहीच तपासून मिळणार नसेल, तर त्या वर्गात हौस म्हणून नाव घालू नका. शिष्यवृत्तीला किमान क्रेडिटची अट असेल, तर सोडण्याआधी तीही वाचा.

आता तासांचं. ज्या पद्धतीत एका क्रेडिटला आठवड्याला वर्गात एक तास आणि घरी दोन तास धरतात, तिथे तीन क्रेडिटचा विषय पंधरा आठवडे दर आठवड्याला 9 तास खातो. तेच काम सहा आठवड्यांत बसवलं की 22.5 तास होतात. दोन विषय म्हणजे 45, पूर्णवेळ नोकरीच. तीन विषय कागदावरच शोभतात. आणि एक आठवडा तापाने पडलात, तर नेहमीच्या सेमिस्टरमधले अडीच आठवडे बुडाले.

उरलेल्या दोन विषयांना सत्र संपल्या संपल्या मी पाचपैकी तारे देऊन टाकले होते. भाषेला पाच : रोज वर्ग, रोज बोलणं, कालचा शब्द आज लगेच वापरायचा. मजा आली. संख्याशास्त्राला दोन, तेही उदार होऊन. आज संभाव्यता, उद्या वितरणं, परवा परीक्षा. एक धागा निसटला की पुढचं सगळं लटकलं.

ते तारे आता बदलते. पुढच्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचा पेपर होता आणि त्यात पहिल्या आठवड्यापासून प्रमाण विचलन, विश्वासांतर, टी-चाचणी असं संख्याशास्त्रातलंच सगळं रोजच्या रोज लागलं. उन्हाळ्यात घाईत गिळलेलं तिथे पचलं. भाषेचा पुढचा स्तर त्या सेमिस्टरला ठेवलेलाच नव्हता. आता विचाराल तर नाव-गाव सांगण्यापलीकडे जीभ वळत नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की एका दमात घोकलेल्यापेक्षा थोड्याथोड्या दिवसांनी उजळलेलं जास्त टिकतं. उन्हाळी सत्रात उजळणीला मध्ये दिवसच नसतात, त्यामुळे ते काम पुढच्या सेमिस्टरनेच करावं लागतं. म्हणून संख्याशास्त्राला चार, भाषेला तीन. यात भाषेच्या बाईंचा काही दोष नाही, त्या अजूनही पाच ताऱ्यांच्या.

दुसऱ्या संस्थेत विषय घ्यायचा असेल तर तो तुमच्याकडे मुख्य विषयाचा म्हणून धरणार की नुसता ऐच्छिक, हे प्रवेशाआधी लेखी घ्या. तोंडी 'होईल हो' चालत नाही. दुसरं, उन्हाळ्याचे मार्क सिस्टिममध्ये चढायला वेळ लागला, तर ज्या पेपरला तो विषय पूर्वअट आहे त्याची नोंदणी अडते. माझी अडली होती. विभागातल्या एका भल्या माणसाने हाताने उघडून दिली.

येत्या उन्हाळ्यात एकच विषय घेणार आहे, तोही पुढच्या सेमिस्टरचं वेळापत्रक लागल्यावर ठरवून. समाजशास्त्र मात्र पंधरा आठवड्यांचंच. तिथली पुस्तकं जाड आहेत आणि मला ती खरंच वाचायची आहेत.