कोलोरॅडोची ब्लू बुक: मागची पानं कशी वाचावीत

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीआधी मतदारांच्या घरी टपालाने 'ब्लू बुक' येते, म्हणजे मतपत्रिकेवरच्या प्रस्तावांची आणि न्यायाधीशांची माहिती देणारी सरकारी पुस्तिका. प्रस्तावांची पानं लोक निदान चाळतात. न्यायाधीशांच्या पानांपर्यंत बरेच जण पोचतच नाहीत, आणि मतपत्रिकेवर सरसकट 'हो' किंवा सरसकट 'नाही' करून मोकळे होतात. हे परीक्षण त्या पानांचं, त्यातही खटले चालवणाऱ्या जिल्हा आणि काउंटी न्यायाधीशांपुरतं.

इथे न्यायाधीशाविरुद्ध कुणी उभं नसतं आणि नावापुढे पक्षही नसतो. १९६६च्या घटनादुरुस्तीपासून रीत अशी आहे: निवड समिती गव्हर्नरला दोन-तीन नावं देते, गव्हर्नर १५ दिवसांत एकाला नेमतो. किमान दोन वर्षं काम झालं की मतदारांना एकच प्रश्न विचारला जातो, यांना पदावर ठेवायचं का? साधं बहुमत पुरतं. मग जिल्हा न्यायाधीशाला सहा वर्षं, काउंटीच्या न्यायाधीशाला चार. ७२व्या वर्षी निवृत्ती. (डेन्व्हर काउंटी कोर्टाचं गणित निराळं, तिथे नेमणूक महापौर करतात.)

न्यायाधीशांच्या कामाचं मूल्यमापन करणाऱ्या समितीची या पानांतली टिपणं एकाच साच्यातली असतात: वर निकाल, मग कारकीर्द, मग निरीक्षणं. कारकिर्दीचा परिच्छेद कोरडा. लॉ स्कूल, आधीची वकिली, सामाजिक काम. त्यातली नेमणुकीची तारीख मात्र सोडू नये. पहिल्यांदाच कौल मागणाऱ्या न्यायाधीशाबद्दल समितीच्या हाती थोड्याच वर्षांचं काम असतं.

निकाल 'निकष पूर्ण करतात' किंवा 'करत नाहीत' एवढाच, आणि जवळपास सगळेच पास. या पुस्तिकेची खरी खोट इथे आहे, पण ती लबाडी नव्हे. टिपणाचा कच्चा मसुदा आधी न्यायाधीशाला दाखवतात. नापास होतोय असं दिसलं की तो पुढच्या मुदतीसाठी अर्जच न करण्याचा पर्याय घेऊ शकतो, मग त्याचं नाव मतपत्रिकेवरही येत नाही. म्हणजे हाती पडते ती चाळून झालेली यादी.

म्हणून शेऱ्यापेक्षा त्याच्या शेजारचे समितीच्या मतांचे आकडे बघावेत. न्यायिक जिल्ह्याच्या या समितीत दहा जण असतात, सहा बिगरवकील आणि चार वकील. १०-० आणि ६-४ या दोन्हींपुढे शब्द तेच छापलेले असतात, अर्थ मात्र फार वेगळा.

न्यायाधीशाच्या कामाबद्दल घेतलेल्या पाहणीतले गुण वाचताना सगळ्यात जास्त चुका होतात. वकील आणि बिगरवकील (ज्युरी, पक्षकार, कोर्टाचे कर्मचारी) वेगवेगळे गुण देतात. सरासरीआधी उत्तरं किती जणांनी दिली ते बघा. डोंगराळ भागातल्या छोट्या न्यायिक जिल्ह्यात उत्तरं मोजकी आली, तर दोन चिडलेले वकील आकडा खाली ओढू शकतात. तुलना पैकीच्या पैकीशी करू नका, त्याच पातळीवरच्या बाकीच्या न्यायाधीशांच्या सरासरीशी करा. नुसते वकील नाराज असतील तर हरलेल्या खटल्यांचा राग असू शकतो. पण कोर्टातल्या वागणुकीबद्दल वकील आणि बिगरवकील दोघांचेही गुण घसरले असतील, तर ती गोष्ट हलक्यात घेऊ नये. पुस्तिकेतल्या टिपणाने भागलं नाही तर मूल्यमापन कार्यालयाचा पूर्ण अहवाल ऑनलाइन मिळतो.

टीका फार मऊ शब्दांत येते. 'निकाल वेळेत देण्याकडे अधिक लक्ष द्यावं' याचा अर्थ पक्षकार आदेशाची वाट बघत ताटकळतात. असं वाक्य मागच्या खेपेच्या टिपणातही असेल तर 'नाही' म्हणायला ते पुरेसं कारण आहे.

एक उणीव मोठी आहे. शिस्तभंगाच्या तक्रारी वेगळ्या आयोगाकडे जातात आणि औपचारिक कारवाई सुरू होईपर्यंत गोपनीय राहतात. टिपण स्वच्छ आहे म्हणून तक्रारच नसेल असं धरू नये.

आणि एखाद्या नावावर काहीच ठरत नसेल तर ती ओळ कोरी सोडा. त्याने बाकीची मतपत्रिका बाद होत नाही.