गारांची म्हणून घेतली, निघाली पुरातली: सॅल्व्हेज टायटलच्या गाडीचा माझा अनुभव

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण धजत नव्हतो. मागच्या आठवड्यात ऑफिसमधला एक नवीन मुलगा, पुण्याहून येऊन त्याला जेमतेम आठ महिने झालेत, लंचला माझ्या टेबलावर आला आणि फोनवर एका गाडीची जाहिरात दाखवायला लागला. जर्मन लक्झरी गाडी, बाजारभावाच्या निम्म्याला, खाली लिहिलेलं "रिबिल्ट टायटल, फक्त गारांचं नुकसान" (टायटल म्हणजे इथला गाडीच्या मालकीचा कागद). ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला, कारण बरोब्बर याच शब्दांवर माझे २१,५०० डॉलर गेलेत. तेव्हा म्हटलं आता लिहायचंच.

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनच्या जवळ. घरात मी, बायको, दोन पोरं, आणि जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी यायचे होते, म्हणजे सहा माणसं, जुनी सेडान पुरणार नव्हती. तेव्हा जुन्या गाड्यांचे भाव असे चढलेले की २०१८ ची सात सीटची चांगली एसयूव्ही ३६-३७ हजारांच्या खाली कोणी दाखवत नव्हतं. आणि अचानक ही दिसली, ४६ हजार मैल चाललेली, तिसरी रो, पॅनोरमा सनरूफ, आतून क्रीम रंगाचं लेदर, २१,५००.

फोन केला तर माणूस मराठी निघाला. माझं आडनाव ऐकल्याबरोबर मराठीतच बोलायला लागला, "या ना दादा, वहिनींना पण घेऊन या, निवांत बघा." आम्ही शनिवारी गेलो, त्याने ड्राइव्हवेवर गाडी चकचकीत धुऊन ठेवलेली, आत चहा, चिवडा, पोरांना ज्यूस. टायटलचं मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं, लपवलं नाही, आणि तिथेच मी अर्धा विरघळलो. म्हणाला, "दादा, टेक्सासला गारा पडल्या, नुसतं छप्पर आणि बॉनेट चेपलं होतं, पण या गाड्यांचं रंगकाम किती महाग असतं तुम्हाला माहितीये, इन्शुरन्सवाल्यांनी सरळ टोटल करून टाकली. इंजिनाला धक्का पण नाही. आपल्या माणसाला खोटं कशाला सांगू?"

नवीन आलेल्यांसाठी आधी एवढं सांगतो. इन्शुरन्स कंपनीला दुरुस्ती परवडत नाही असं वाटलं की ती गाडी 'टोटल' धरते, म्हणजे मालकाला पैसे देऊन गाडी स्वतःकडे घेते आणि लिलावात काढते, त्या गाडीचं टायटल मग सॅल्व्हेज होतं आणि ती रस्त्यावर आणता येत नाही. कोणीतरी ती उचलतो, दुरुस्त करतो, राज्याचं इन्स्पेक्शन होतं आणि टायटलवर रिबिल्ट किंवा त्याच अर्थाचा शब्द येतो. ऐकायला भक्कम वाटतं, पण बऱ्याच राज्यांत ते इन्स्पेक्शन मुख्यतः चोरीचे पार्ट बसवलेत का, पावत्या आहेत का, हे बघायला असतं, कार्पेट उचलून कोणी बघत नाही. गाडी कधी टोटल धरायची याचा आकडासुद्धा राज्याराज्यात वेगळा, न्यूयॉर्कला दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ७५ टक्के झाला की, फ्लोरिडात ८०, आणि टेक्सासला पूर्ण १००, त्यातही रंगकामाचा खर्च धरत नाहीत. हे मला तेव्हा माहीत असतं तर चहाचा कप खाली ठेवून एवढंच विचारलं असतं की बाबा, टेक्सासला रंगकाम धरतच नाहीत, मग चाळीस हजाराच्या गाडीला गारांनी एवढं काय झालं? कंपनी स्वतःहून आधीही टोटल करू शकते, नाही असं नाही, पण मी विचारलंच नाही ना.

बायकोने विचारलं होतं. तिने दोन गोष्टी पकडल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी तिला गप्प केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. एक म्हणजे गाडीत वासाच्या तीन क्लिपा होत्या, एसीच्या प्रत्येक जाळीला एक, एवढा वास कशाला. आणि दुसरं, टायटलवर नाव त्याचं नव्हतं. तो म्हणाला मावसभावाच्या नावावर आहे, तो डॅलसला असतो, सही करून पाठवलंय. म्हणजे गाडी त्याच्या नावावर कधी झालीच नव्हती, तो मधल्या मधे विकत होता. इथे याला टायटल जंपिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. अशी माणसं लायसन्स न काढता घरून वर्षाला पाच-दहा गाड्या फिरवतात आणि कागदावर यांचं नाव कुठेच येत नाही. हिस्टरी रिपोर्टचं, म्हणजे गाडीच्या जुन्या नोंदींचं, प्रिंटआउट पण त्यानेच दिलं, तीन पानांचं. घरी आल्यावर, पैसे दिल्यानंतर, तळाशी बारीक अक्षरात दिसलं की रिपोर्ट पाच पानांचा आहे. तरी मी मनाची समजूत काढली की शेवटची पानं जाहिरातीची असतील.

क्रेडिट युनियनने (बँकेसारखीच सहकारी संस्था) लोन नाकारलं, रिबिल्टवर आम्ही देत नाही म्हणाले. तीसुद्धा खूणच होती, ज्यांचा धंदाच पैसे देण्याचा ते मागे सरतायत, पण मी काय केलं तर घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे मोडले. इन्शुरन्सवाल्यांनी फक्त लायबिलिटी दिली, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरतील, माझ्या गाडीला काही झालं तर एक पै नाही.

दोन महिने गाडी मस्त चालली. आई-बाबा आले, बाबांना पुढे बसवून नायगारा दाखवून आणला, ते सारखं दारावरून हात फिरवायचे. जुलैत उकाडा सुरू झाला आणि बंद गाडीत शिरलं की एक वास यायला लागला, ओलं पोतं कोपऱ्यात पडून राहिलं की येतो ना तसा. मग रात्री मागची डिकी आपोआप उघडायला लागली. एकदा उघडली, बंद केली, पहाटे पुन्हा उघडी. मग बॅटरी उतरायला लागली, नवीन टाकली, तीही तीन आठवड्यांत उतरली. डिकीचं मॉड्युल, बॅटरी, लेबर मिळून ११५० डॉलर. ऑगस्टच्या शेवटी रूट २८७ वर, मागे पोरं आणि आई, मधल्या लेनमध्ये डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडीने पिकअपच सोडला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी पन्नासच्या खाली यायला लागली, मागून ट्रक हॉर्न मारतोय. कसाबसा शोल्डरला घेतली. आई बराच वेळ काही बोलली नाही, नुसती धाकट्याला घट्ट धरून बसली होती.

टो करून एका मेकॅनिककडे नेली, गयानाचे काका आहेत, वीस वर्षं याच गाड्या करतात. त्यांनी कॉम्प्युटर लावायच्या आधी ड्रायव्हरची सीट सोडवली आणि मला जवळ बोलावलं. सीटचे बोल्ट निघाले त्या भोकांत बारीक तपकिरी माती होती, बोटाने काढली तर पिठासारखी. नदीचं पाणी ओसरल्यावर दगडावर जो थर राहतो ना, तोच. मग त्यांनी कार्पेटची कड उचलली. वरून नवीन, कोरडं, सुंदर कार्पेट, आणि खालचा फोम दाबला तर पाणी आलं. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा थर चढलेला. डिकीत स्पेअरच्या खड्ड्यात मॉड्युल्स बसवलेली असतात, त्यांच्या खोक्यांवर आडवी रेघ, पाणी जिथपर्यंत आलं होतं त्याची. शेवटी त्यांनी चावी ऑन केली आणि मला म्हणाले, एअरबॅगचा दिवा बघ. कुठल्याही धड गाडीत चावी ऑन केली की तो दिवा काही सेकंद लागतो आणि मग विझतो. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता, कोणीतरी मुद्दाम बंद करून ठेवला होता. एअरबॅगचं मॉड्युल मधल्या कन्सोलखाली, म्हणजे पाण्यातच होतं. अपघात झाला असता तर बॅग उघडली असती की नसती हे देवालाच ठाऊक, आणि मी त्या गाडीत पाच महिने पोरांना फिरवलं. पैशांचं दुःख मी कधीतरी विसरेन, हे नाही विसरता येत.

त्या रात्री गाडीचा १७ अक्षरी व्हिन नंबर, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो तो, नुसता गुगलमध्ये टाकला. दोन मिनिटं पण लागली नाहीत. लिलावाचे जुने फोटो पहिल्याच पानावर, हीच गाडी, हेच क्रीम लेदर, सीटच्या अर्ध्यापर्यंत चिखल, फ्लोअर मॅट तरंगून तिरकी झालेली, आणि खाली लिहिलेलं नुकसान: पाणी, ठिकाण: फ्लोरिडा, ऑक्टोबर २०२२. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी इयान चक्रीवादळ आलं त्यातली. टेक्सास नाही, गारा नाही, काही नाही. तिथून ही दोन राज्यं फिरली आणि फिरता फिरता टायटलवरचा पुराचा शब्द गळून नुसता रिबिल्ट उरला. याला इथे टायटल वॉशिंग म्हणतात. हार्वे असो, सँडी असो, चक्रीवादळाने मोठा पूर आला की त्यानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या राज्यांत निघतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे, मला नव्हतं.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला, "दादा मला पण असंच सांगून दिली हो." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. जाहिरात तर कधीच काढून टाकलेली. वकिलाला भेटलो. ती बाई सरळ बोलली, टायटलवर रिबिल्ट लिहिलंय, बिलावर तुम्ही 'अ‍ॅज इज', म्हणजे आहे तशी घेतली, याखाली सही केलीये, आता त्याने खोटं सांगितलं हे तुम्हाला सिद्ध करायचंय. 'अ‍ॅज इज' असलं तरी धडधडीत खोटं बोलून विकता येत नाही, पण तो गारा म्हणाला ते चहा पिताना आणि फोनवर, लेखी एक ओळ नाही माझ्याकडे. कागदावर विकणारा डॅलसचा एक अनोळखी माणूस. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांचं कोर्ट, ५,००० डॉलरपर्यंतच चालतं, त्याच्या वरचं दुसऱ्या भागात जातं, वकील करा, तारखा घ्या. मी राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रार केली, फोटो, माती, सगळं जोडून. पैसे परत आले नाहीत.

दुरुस्तीचं एस्टिमेट १४ हजारांच्या वर होतं, आणि काका म्हणाले एवढं करूनही पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी जाईल, गंज आतून चालत राहतो. शेवटी ४,२०० ला पार्टवाल्याला दिली. देताना लिलावाचे फोटो छापून बिलाला स्टेपल केले आणि त्यावर त्याची सही घेतली, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या दारात चकचकीत होऊन उभी राहू नये.

सॅल्व्हेज घेऊच नका असं मी म्हणत नाही. खरंच गारांच्या असतात, चोरीला जाऊन सापडलेल्या असतात, माझ्या ओळखीत एकाने चोरीतून सापडलेली घेतली आणि चार वर्षं छान चालवतोय. पण ते टायटल तुम्हाला फक्त एवढंच सांगतं की गाडी एकदा मेली होती, कशाने मेली ते सांगत नाही. तेच कारण विकणारा तोंडी सांगतो आणि त्याच कारणावर तुम्ही पैसे देता. म्हणून ते कारण टेक्स्टमध्ये लिहून मागा, "नुकसान कशाचं होतं ते एका ओळीत पाठवा", खरा माणूस पाठवतो. व्हिन स्वतः विंडशील्डच्या कोपऱ्यातून आणि दाराच्या चौकटीवरून वाचून घ्या, दोन्ही जुळतात का बघा, मग गुगल करा, एनआयसीबी (इन्शुरन्समधली फसवणूक शोधणारी संस्था) च्या व्हिनचेकवर टाका, ते फुकट आहे, आणि एनएमव्हीटीआयएस, म्हणजे गाड्यांच्या टायटलची देशव्यापी नोंद, तिचा रिपोर्ट थोड्या डॉलरांत मिळतो, तो स्वतः काढा, विकणाऱ्याने दिलेला चालणार नाही. या देशव्यापी नोंदीत इन्शुरन्स कंपन्या आणि भंगारवाले या दोघांनाही माहिती द्यावी लागते. फोटो सापडले नाहीत तर जास्त सावध व्हा, कारण पैसे देऊन ते काढूनही घेता येतात. आणि मेकॅनिक तुमचा हवा, सीटचा बोल्ट उघडून बघणारा. दोनेकशे डॉलर जातील. विकणारा बघू देत नसेल तर तिथूनच माघारी या, चहा सुद्धा घेऊ नका.

माझ्या सांगलीच्या मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला तुमच्याकडे निदान टायटलवर शिक्का तरी असतो. खरंय, तिकडे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते, पण गाडी दुरुस्त होऊन परत आली की आरसी बुकावर त्याचा मागमूस नसतो. २०१९ च्या पुरानंतर त्याने स्वतः बघितलंय, चिखलातून काढलेल्या गाड्या ट्रकवर चढवून बाहेरगावी चालल्या होत्या. तिकडे घेणाऱ्यांनी जुन्या पॉलिसीवरचा क्लेम विचारल्याशिवाय टोकन सुद्धा देऊ नये.

तर तो ऑफिसमधला मुलगा. त्याला म्हटलं आधी व्हिन मागव. त्याने तिथेच मेसेज केला, दहा मिनिटांत व्हिन आला, सोबत नुकसानाची एक ओळ पण आली. आम्ही दोघांनी माझ्या लॅपटॉपवर टाकला. फोटो सापडले, कोलोरॅडोचे. छप्पर आणि बॉनेट सगळं चेचलेलं, मागची काच फुटलेली, आत सीटवर काचा आणि कार्पेट कोरडं ठणठणीत. तरी मी त्याला पैसे देऊ दिलेले नाहीत. शनिवारी सकाळी ९ ला काकांकडे वेळ घेतलीये, मी बरोबर जाणार आहे.