पहिला डीएसएलआर घेताना: लेन्स आणि ‘कॉम्बो’च्या नावाखाली झालेली फसवणूक

पहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, घेणाऱ्याची फसवणूक कॅमेऱ्यात सहसा होत नाही. बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, किंमत आज कोणीही मोबाइलवर ताडून पाहतो, चार ठिकाणचे भाव काढतो, आणि हे दुकानदारालाही ठाऊक असल्यामुळे तो त्या आकड्यावर हात मारत नाही. उलट इतरांपेक्षा हजार-दोन हजार कमीच सांगतो. जे वसूल करायचे ते तो त्यानंतरच्या यादीत करतो, म्हणजे दुसरी लेन्स, फिल्टर, मेमरी कार्ड, जादा बॅटरी यांत, कारण नव्या गिऱ्हाइकाला या वस्तूंचा भावही माहीत नसतो आणि उपयोगही. मुंबईत फोर्ट भागात कॅमेऱ्यांची जुनी बाजारपेठ आहे. तेथील एका दुकानात २०२२च्या डिसेंबरमध्ये आमच्याशी नेमके हेच घडले. त्याच बाजारातल्या दुसऱ्या एका जुन्या दुकानदारांनी पुढे आम्हाला हा सगळा प्रकार उलगडून सांगितला, त्यामुळे संपूर्ण बाजाराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पद्धत कशी असते, तेवढे लिहितो.

भाचीला पक्ष्यांची छायाचित्रे काढायची होती. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या आसपास रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेथे जाण्याचे तिचे ठरलेले होते. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत कंपनीची १८-५५ किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी साधी लेन्स, आणि लांबचे टिपण्यासाठी तीनशे मिलिमीटरपर्यंत जाणारी एक लेन्स, अशी साधी सरळ मागणी होती. कॅमेऱ्याचा भाव आमच्या चौकशीपेक्षा दीड हजाराने कमी निघाला. “साहेब, बॉडीवर मला काही सुटत नाही, तुम्ही लांबून आलात म्हणून देतो,” असे म्हणत विक्रेत्याने स्वतःच खोके उघडले, पट्टा लावून दिला, बॅटरी घातली आणि कॅमेरा भाचीच्या गळ्यात अडकवला. वस्तू एकदा गळ्यात आली की माणूस उठून दुसऱ्या दुकानात जात नाही, हे ही मंडळी पक्के ओळखून असतात.

लांबची लेन्स म्हणून त्याने जी काढली तिच्यावर ‘एएफ निक्कोर ७०-३०० एमएम १:४-५.६ जी’ अशी अक्षरे होती. किंमत साडेबारा हजार. तिच्याविषयी तो जे बोलला त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, आणि हा भाग मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. लेन्स निकॉनचीच होती. ती डी५६००वर बसत होती, त्याने बसवूनही दाखवली. ती फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची लेन्स असल्यामुळे उद्या मोठा कॅमेरा घेतला तरी चालेल, हेही खरे होते. त्याने जे सांगितले नाही ते असे, की या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही, आणि डी५६००च्या बॉडीतही नाही.

निकॉनच्या जुन्या एएफ लेन्सना स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर एका छोट्या दांड्याने लेन्सचा फोकस फिरवते. फिल्म कॅमेऱ्यांच्या काळापासूनची ही रचना आजही डी७२००, डी७५००, डी७५० यांसारख्या वरच्या श्रेणीच्या बॉडींवर व्यवस्थित चालते. मात्र डी३००० आणि डी५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत, म्हणजे पहिला कॅमेरा म्हणून ज्यांची सर्वाधिक विक्री झाली त्या डी३३००, डी३४००, डी३५००, डी५३००, डी५६०० यांत, वजन आणि किंमत कमी राखण्यासाठी ही मोटर दिलेलीच नाही. या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस हवा असेल तर लेन्समध्येच मोटर हवी, आणि तशा लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ अशी अक्षरे असतात. नुसते ‘एएफ’ असेल तर फोकस हाताने फिरवावा लागतो. कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेले आहे. पण पुस्तिका खोक्याच्या तळाशी असते आणि खोके विक्रेत्याच्या हातात.

दुकानात ही गोष्ट लपली, कारण तेथे त्याने प्रात्यक्षिक दिले ते किट लेन्सवर. लांबची लेन्स केवळ बसवून, झूमचे कडे पुढे-मागे करून दाखवली आणि लगेच काढून ठेवली. भिगवणला होडीत बसल्यावर भाचीने शटरचे बटण अर्धे दाबले तेव्हा लेन्स जागची हलेना. आधी वाटले, कॅमेऱ्यातली फोकसची सेटिंग चुकली असेल. मेन्यूत जाऊन ती पुन्हा पुन्हा तपासून पाहिली. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे फोकसचा एक ठिपका असतो. लेन्सचे पुढचे कडे हाताने फिरवत राहिले की नेमक्या जागी तो पेटे आणि होडी जरा हलली की विझे. उभ्या रोहितांची काही चित्रे या पद्धतीने जमली. थवा उडाला तेव्हा कडे फिरवून होईपर्यंत तो दुसऱ्या काठाला पोहोचला होता. शिवाय या लेन्सला व्हीआर, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, नाही. डीएक्स, म्हणजे डी५६००मधल्यासारख्या लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० मिलिमीटरइतके जवळचे दाखवते, त्यामुळे हलत्या होडीत साधारण १/५०० सेकंदाहून मंद शटर ठेवले की चित्र हललेले येणारच.

ही लेन्स ओळखण्याची खूण मला त्या दुसऱ्या दुकानदारांनी काउंटरवर दाखवली. लेन्स उलटी धरावी. कॅमेऱ्याला जोडल्या जाणाऱ्या कड्यात, एका बाजूला, स्क्रूच्या डोक्यावर असते तशी बारीक खाच असलेली गोल दांडी दिसली, तर ती लेन्स बॉडीच्या मोटरवर चालणारी आहे. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सच्या मागे तशी खाच नसते. आमच्या कामाची लेन्स होती ती ‘एएफ-पी डीएक्स ७०-३०० एमएम एफ/४.५-६.३ जी ईडी व्हीआर’. नाव जवळजवळ तेच, झूमही तोच, पण तिच्यात मोटरही आहे आणि व्हीआरही. तिच्यातही एक पोटप्रकार आहे, ज्याच्या नावात व्हीआर नाही, त्यामुळे शेवटच्या अक्षरापर्यंत नाव वाचून पाहावे. आम्हाला दिलेली लेन्स त्या दुकानदारांकडे वापरलेली, साडेचार हजारांना पडून होती. “डी७२००वाला कोणी आला तर त्याला देईन, तुमच्या भाचीला मी ती फुकटही दिली नसती,” असे ते म्हणाले.

टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या निकॉन माउंटच्या, म्हणजे निकॉन कॅमेऱ्यावर बसणाऱ्या, काही जुन्या लेन्सचीही हीच गत आहे. कॅनन घेणाऱ्यांना मोटरचा हा प्रश्न येत नाही, कारण १९८७ साली ईएफ माउंट आला तेव्हापासून कॅननने मोटर लेन्समध्येच घातली आहे. त्यांच्या गळ्यात बहुधा ईएफ ७५-३०० मारली जाते. ती चालते, ऑटोफोकसही करते, पण तिला आयएस, म्हणजे व्हीआरसारखी कंप सावरणारी सोय, नाही आणि ३०० मिलिमीटरला तिचे चित्र मऊ येते. थोडे अधिक पैसे घालून ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम मागितली, तर नव्या माणसाचे काम पुष्कळ चांगले होते.

आता ‘कॉम्बो’विषयी. आठ हजार रुपयांत बॅग, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर, चौसष्ट जीबीचे कार्ड, जादा बॅटरी आणि ‘एक वाइड लेन्स’ असा तो संच होता. बॅग आणि ट्रायपॉड यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. ट्रायपॉड मोबाइलपुरता ठीक आहे. बॅटरीवर मूळ ईएन-ईएल१४एच्या १२३० एमएएचपेक्षा मोठा आकडा छापलेला होता आणि ती मूळ बॅटरीच्या निम्म्याने टिकत होती. ‘वाइड लेन्स’ ही लेन्स नव्हतीच. किट लेन्सच्या पुढे आट्यांवर फिरवून बसवायचे ते ०.४५ एक्सचे एक काचेचे टोपण होते. ते लावले की चित्रात अधिक परिसर मावतो हे खरे, पण कोपरे काळवंडतात, कडांना जांभळी-हिरवी रेघ येते आणि मधल्या भागातही बारीक तपशील विरघळतो. अशी टोपणे ‘तीन लेन्सचा सेट’ म्हणूनही विकली जातात. त्या तिनांतली खरी लेन्स एकच असते.

यूव्ही फिल्टर देताना “हा नसेल तर उन्हाने सेन्सर खराब होतो” असे विक्रेत्याने सांगितले. हे मात्र धडधडीत खोटे होते. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील किरण अडवणारा थर मुळातच असतो, त्यामुळे यूव्ही फिल्टरचा आज उरलेला उपयोग म्हणजे पुढच्या काचेला ओरखड्यांपासून राखणे. त्यासाठी तो जरूर घ्यावा, पण मल्टिकोटेड, म्हणजे काचेवरचे परावर्तन कमी करणारे थर दिलेला, घ्यावा. आमच्या फिल्टरवर कोटिंग नव्हते आणि सूर्यास्ताच्या प्रत्येक चित्रात सूर्याचे एक फिकट प्रतिबिंब विरुद्ध कोपऱ्यात उमटलेले होते. फिल्टर काढून घेतलेल्या चित्रांत ते नाही.

सर्वांत मोठे नुकसान कार्डाने केले. त्यावर चौसष्ट जीबी असे लिहिलेले होते, कॅमेराही तितकीच जागा दाखवत होता. घरी आल्यावर पहिली काही शे चित्रे नीट उघडली. त्यापुढच्या फाइलींची नावे दिसत होती, आकार दिसत होते, पण चित्र उघडत नव्हते. काही अर्धी उघडत आणि खालचा भाग करड्या पट्ट्यांचा. बनावट कार्डात आतली चिप लहान असते आणि तिचा नियंत्रक कॅमेऱ्याला मोठा आकडा सांगेल असा बदललेला असतो. खरी जागा संपली की पुढचे लिहिणे एक तर हवेत जाते किंवा आधीच्यावर चढते, आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. अशा चित्रांसाठी रिकव्हरीवाल्यांना पैसे देऊ नयेत, कारण जे लिहिलेच गेले नाही ते परत कोठून मिळणार? विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री हे मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि पुन्हा वाचून पडताळतात. आमच्या कार्डात आठ जीबीही पूर्ण नव्हते. कार्ड नवे आणले की पहिले छायाचित्र काढण्याआधी ही तपासणी करावी. त्यावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, हेही जाता जाता सांगतो. लिहिण्याच्या वेगासाठी व्ही३० किंवा यू३ ही खूण पाहावी, तिचा अर्थ सेकंदाला किमान तीस एमबी असा आहे.

या सगळ्याला झाकणारी गोष्ट म्हणजे बिल. कॅमेरा आणि किट लेन्स यांचे जीएसटीसह, सिरियल नंबर घातलेले पक्के बिल मिळाले. लेन्स आणि कॉम्बो यांसाठी मात्र दुकानाचा शिक्का नसलेल्या चिठ्ठीवर ‘७०-३००’ आणि ‘कॉम्बो’ असे दोन शब्द व दोन आकडे. पक्के मागितल्यावर “अठरा टक्के वर पडतील” हे उत्तर आले. छापील कमाल किंमत सर्व करांसहित असते, आणि आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर ती किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असणे कायद्याने आवश्यक आहे. आमच्या लेन्सच्या खोक्यावर यातले काहीच नव्हते. म्हणजे ती अधिकृत आयातदाराकडून आलेली नव्हती, आणि कंपनीच्या सेवाकेंद्राने भारतातली वॉरंटी तिला लागू नसल्याचे सांगितले.

दुकानात परत गेलो तेव्हा “लेन्स चालू आहे, मॅन्युअल करा, सगळे प्रोफेशनल मॅन्युअलच करतात” असे ऐकावे लागले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. लेन्स सदोष नाही असा दुकानदाराचा बचाव असू शकतो, म्हणून आम्ही तक्रारीत भर दिला तो वस्तूच्या उपयुक्ततेबद्दल झालेल्या दिशाभुलीवर. पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे दुकानाच्या खात्यात ती रक्कम गेल्याचा पुरावा हाती होता. रोखीने दिले असते तर तोही नसता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क पडत नाही, हे दुकानदाराला लेखी कळवले. त्यानंतर त्याचा फोन आला आणि दोन हजार कापून लेन्सचे पैसे परत मिळाले. कॉम्बोबद्दल तो काहीही ऐकून घ्यायला तयार झाला नाही, कारण त्यात कोणत्या वस्तू होत्या हे चिठ्ठीवर कोठेच लिहिलेले नव्हते.