एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन: उन्हाळ्यापासून संक्रांतीपर्यंत खेळून झाल्यावर, लेव्हल स्केलिंगविषयी

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन हा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: एकट्याने खेळणार की कुणाबरोबर? या गेममधल्या लेव्हलचा सगळा हिशोब या एका उत्तरावर अवलंबून आहे. गेल्या उन्हाळ्यात सुरू केला, नवरात्र गेलं, दिवाळी गेली, उत्तरायणाचे पतंग उतरले, तरी अजून खेळतोय. गेम मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्यातल्या स्केलिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या लेव्हलचे खेळाडू एकत्र खेळू शकावेत म्हणून गेम आकडे कसे जुळवतो त्याबद्दल, नीट, सविस्तर लिहायचं आहे, कारण नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आमचा कंपू चौघांचा. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात, एक मित्र अलकापुरीत, मावसभाऊ ग्वाल्हेरला आणि भाची पुण्याला. प्रत्येकाच्या वेळा निराळ्या. भाचीच्या परीक्षा आल्या की ती महिना-महिना गायब, आणि मावसभाऊ रात्री एक वाजला तरी हलत नाही. अशा कंपूचं जुन्या पद्धतीच्या ऑनलाइन गेममध्ये काय होतं ते ठाऊक असेलच. एकाची लेव्हल पंधराने पुढे गेली की त्याला मागच्यांच्या भागात काही मिळत नाही आणि मागचे त्याच्या भागात गेले की एका फटक्यात आडवे. मग हळूहळू जो तो आपापला खेळतो आणि कंपू मोडतो.

एप्रिल 2014 मध्ये हा गेम आला तेव्हा तोही असाच होता. तीन पक्ष, प्रत्येकाचे प्रदेश वेगळे, आणि प्रदेशांची ठरलेली क्रमवारी: डॅगरफॉल पक्षाचा खेळाडू ग्लेनम्ब्रा, मग स्टॉर्महेवन, मग रिव्हनस्पायर, अलिकर, बँगकोराई असाच जाणार. दोन मित्रांनी वेगवेगळे पक्ष निवडले तर कथेच्या भागात त्यांची गाठच पडायची नाही. ऑक्टोबर 2016 च्या 'वन टॅम्रिएल' अपडेटने ही भिंत पाडली. आता पहिल्या दिवशी कुठेही जा, कुणाबरोबरही जा.

हे कसं साधलंय ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. बऱ्याच जणांना वाटतं की शत्रू आपल्या लेव्हलप्रमाणे वर-खाली होतात. इथे तसं नाही. जगातले शत्रू एकाच ठिकाणी रोवलेले आहेत: लेव्हल 50 आणि त्यावर 160 चॅम्पियन पॉइंट (50 नंतर मिळत जाणारे गुण). वर ओढलं जातं ते तुम्हाला. तुमची लेव्हल 5 असली तरी हेल्थ, मॅजिका (जादूची ताकद), स्टॅमिना (दम), डॅमेज (वाराचा जोर) या सगळ्याला गेम आतून भर घालतो, म्हणजे तुम्ही त्या शत्रूंसमोर उभे राहू शकता. ही भर लेव्हल 5 ला भरपूर असते आणि जसजसे वर जाता तसतशी कमी होत जाते. कमी झालेल्या जागी तुमचं गिअर (चिलखत, शस्त्रं, दागिने), तुमची स्किल्स आणि पॅसिव्ह (आपोआप लागू राहणारी कौशल्यं) यावीत अशी अपेक्षा असते.

नवरात्रात याचा खरा फायदा कळला. वडोदऱ्यात त्या नऊ रात्री कुणी घरी बसत नाही. मी आणि अलकापुरीवाला, दोघेही गरब्याला. ग्वाल्हेरला मावसभाऊ मात्र रोज खेळत होता आणि दसऱ्याला बघतो तर कितीतरी पुढे निघून गेलेला. त्याच रात्री चौघे अलिकरच्या वाळवंटात एकत्र उतरलो. डार्क अँकरच्या, म्हणजे जिथे सगळ्यांनी मिळून शत्रूंशी लढायचं त्या जागेच्या, साखळ्या आकाशातून पडल्या, आम्ही धावलो, आणि कुणालाही मागे राहिल्यासारखं वाटलं नाही. भाचीची लेव्हल आमच्यात सगळ्यात कमी होती आणि शेवटच्या शत्रूवर तिचे बाण आमच्या तलवारींइतकेच लागत होते. लांब राहणाऱ्या माणसांना एकत्र खेळवायचं असेल तर यापेक्षा चांगली सोय मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेली नाही.

आता दुसरी बाजू. साधारण लेव्हल 20 च्या पुढे एक विचित्र गोष्ट घडायला लागते. रिव्हनस्पायरमध्ये भाची आणि मावसभाऊ दोघे लांडग्यांशी लढत होते. ती 22 वर, तो 34 वर. तिचा लांडगा आधी पडला. दुसऱ्यांदाही तसंच. ती म्हणाली, "अरे मामा, तू माझ्या बारा लेव्हल पुढे आहेस ना? मग तुझाच लांडगा जिवंत कसा?" आम्ही त्याच्या कॅरेक्टरची पाटी उघडून पाहिली. अंगातलं चिलखत लेव्हल 16 चं, धनुष्य 18 चं, अंगठ्या त्याहून जुन्या. लेव्हल 16 ला ते चिलखत उत्तम होतं. पण त्यानंतर अठरा लेव्हलमध्ये गेमने दिलेली भर उतरत गेली आणि तिची जागा घ्यायला नवं काही आलं नाही. लेव्हल वाढली, माणूस दुबळा झाला. भाचीने तीनच दिवसांपूर्वी गिल्डमधल्या (खेळाडूंच्या मंडळातल्या) एका भल्या माणसाकडून लेव्हल 20 चा अख्खा संच बनवून घेतला होता, म्हणून ती त्या घडीला त्याच्यापेक्षा ताकदवान होती.

हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. पण गेम हे कुठेच सांगत नाही, आणि माझी खरी तक्रार ही आहे. लेव्हल वाढली की सोनेरी झगमगाट होतो, ढोलताशासारखा आवाज येतो, आणि त्याच क्षणी तुमची ताकद किंचित घटलेली असते. रोल-प्लेइंग गेममध्ये लेव्हल हा खेळाडूला दिलेला शब्द असतो: तू काल होतास त्याहून आज बळकट आहेस. 20 ते 49 या टप्प्यात हा शब्द पाळला जात नाही. एकट्याने खेळणारे नेमके इथेच गेम सोडतात. माझ्या ओळखीतल्या दोघांनी सोडला, दोघेही तिशीच्या लेव्हलमध्ये, आणि दोघांचं म्हणणं एकच: मेहनत करतोय पण काही होत नाहीये.

मग वाढ दिसते कुठे? माझ्या अनुभवात, जिथे स्केलिंगचा हात पोचत नाही तिथे. पहिलं म्हणजे घोडा. तबेलेवाल्याकडे 20 तासांतून एकदा 250 सोन्याची नाणी देऊन घोड्याला एक धडा द्यायचा. वेग, दम आणि सामान वाहण्याची क्षमता असे तीन गुण, प्रत्येक 60 पर्यंत. म्हणजे एकूण 180 धडे, आणि एकही वेळ न चुकवता दिले तरी 150 दिवस लागतात. सुरुवातीला माझा घोडा इतका रडतखडत चालायचा की लांडगे मागून येऊन मला खाली पाडायचे. आता वेग आणि दम भरलेत, सामानाचं थोडं बाकी आहे, आणि स्टॉर्महेवनच्या त्याच रस्त्यावरून जाताना मागे वळून बघावं लागत नाही. मधल्या काळात माझ्या लेव्हलने जे जाणवू दिलं नाही ते या घोड्याने रोज थोडं थोडं जाणवून दिलं. हे धडे खरे पैसे खर्चून गेमच्या दुकानातून विकतही मिळतात. घेऊ नका असंच सांगेन. या गेममधली सगळ्यात प्रामाणिक वाढ ही आहे, ती विकत घेण्यात अर्थ नाही.

दुसरं, कारागिरीतलं संशोधन. एखाद्या वस्तूचा पहिला गुण (बनवताना तिला देता येणारं खास वैशिष्ट्य) शिकायला 6 तास, दुसरा 12, तिसरा 24, दर वेळी दुप्पट. सकाळी ऑफिसला जाण्याआधी लावायचं आणि विसरून जायचं. आज आमच्या चौघांचं गिअर मीच बनवतो, याचा मला कुठल्याही बॉसच्या ट्रॉफीपेक्षा जास्त आनंद आहे.

तिसरं म्हणजे स्किल्स. स्काय शार्ड नावाचे प्रकाशाचे तुकडे जगभर लपलेत, तीन गोळा केले की एक स्किल पॉइंट. स्किल वापरत राहिलं की ते पिकतं आणि चौथ्या पायरीवर त्याची दोनपैकी एक दिशा निवडता येते. लेव्हल 15 ला दुसरं शस्त्र मिळतं, म्हणजे पाच-पाच स्किल्सच्या दोन पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर एक अल्टिमेट, म्हणजे सगळ्यात जोरदार स्किल. इथे तुमचं कॅरेक्टर खरोखर बदलतं. आकड्यांत नाही, करता काय येतं त्यात. लेव्हल 5 चा आणि 45 चा धनुर्धर एकाच लांडग्याला जवळपास तेवढ्याच वेळात मारतील, पण पाच लांडगे एकदम आले तर पहिला मरतो आणि दुसरा त्यांना एका जागी खिळवून वरून बाणांचा पाऊस पाडतो. स्केलिंग असलेल्या गेममध्ये वाढ मोजायची तर अशी मोजावी लागते.

लेव्हल 50 नंतर चॅम्पियन पॉइंट सुरू होतात, 3600 पर्यंत. ते पूर्ण खात्याचे असतात, त्यामुळे दुसरं कॅरेक्टर काढलं तरी कामी येतात. 160 ला गिअरची लेव्हल कायमची थांबते आणि तिथे चित्र उलटतं. शत्रू आहेत तिथेच, एकाच सेटचे पाच-पाच नग अंगावर घातल्यावर मिळणारे बोनस मात्र जुळायला लागतात. दोन-तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. मग नवी अडचण: बाहेरचं जग फारच सोपं होतं. कथेतला खलनायक आपलं भाषण संपवायच्या आत कोसळतो. खरी कसोटी मग चौघांच्या व्हेटरन (अवघड पातळीच्या) डंजनमध्ये आणि बारा जणांच्या ट्रायलमध्येच उरते. म्हणजे मधल्या टप्प्यात जग टणक आणि शेवटी मऊ. व्हायला हवं होतं याच्या उलट.

तुलनेसाठी गिल्ड वॉर्स 2 चांगला, भाची तो आधीपासून खेळते आणि मीही तिच्याबरोबर बराच खेळलोय. 2012 पासून तिथली कमाल लेव्हल 80 आहे, ती एकदाही वाढवलेली नाही. तो गेम तुम्हाला वर ओढत नाही, खाली उतरवतो: 80 चा खेळाडू लेव्हल 10 च्या भागात गेला की त्याचे आकडे त्या भागापुरते कमी होतात, स्किल्स मात्र सगळी हातात राहतात. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात वाढलेल्या माणसाला हे लगेच उमगतं: उस्ताद पोराशी कुस्ती खेळताना जोर मागे ठेवतो, डाव मागे ठेवत नाही. मला ही पद्धत जास्त पटते. लेव्हल चढताना खरोखर चढल्यासारखं वाटतं, आणि मागे वळून धाकट्यांबरोबर खेळायचीही सोय राहते. तोटा एकच, की पुढच्या भागात नवख्याला नेता येत नाही. मावसभावाला वर ओढण्याची पद्धतच आवडते, कारण त्याला पहिल्याच आठवड्यात सगळं जग हिंडायचं होतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तिसराच प्रकार. एकच राक्षस तुम्हाला तुमच्या लेव्हलचा दिसतो आणि शेजारच्याला त्याच्या. 2020 मध्ये तर त्यांनी लेव्हल 120 च्या खेळाडूंना सरळ 50 वर आणलं, कारण इतक्या लेव्हलना काही अर्थच उरला नव्हता. आणि ज्यांना स्केलिंग अजिबात नको त्यांच्यासाठी ओल्ड स्कूल रुनस्केप आहे, मोबाइलवरही चालतो. लम्ब्रिजचा लेव्हल 2 चा गॉब्लिन तुम्ही कितीही मोठे झालात तरी लेव्हल 2 चाच राहतो. एका स्किलमध्ये 99 गाठायला 1,30,34,431 एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि त्यातला अर्धा रस्ता लेव्हल 92 ला होतो. वाढ जाणवण्याची भूक असेल तर तिथे जा. कंपू घेऊन मात्र जाऊ नका.

पिंगबद्दल, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेबद्दल, थोडक्यात. एल्डर स्क्रोल्सचा भारतात सर्व्हर नाही, आम्ही युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. कथा, भटकंती, नॉर्मल डंजन यांना काही अडत नाही. पण प्रत्येक स्किलच्या मध्ये साधा वार बसवण्याची जी लय आहे, तिच्यावर पुढे डॅमेज बराच अवलंबून असतो, आणि पिंग वर-खाली व्हायला लागला की लय तुटते. आमच्या गल्लीतला जुना ब्रॉडबँड संध्याकाळी डगमगायचा. तो बदलल्यावर आणि वायफायऐवजी केबल लावल्यावर माझा डॅमेज एकही पॉइंट न वाढवता सुधारला.

सुरू करणार असाल तर एवढं करा. 160 चॅम्पियन पॉइंटपर्यंत कुठल्याही वस्तूवर महागडं अपग्रेडचं साहित्य खर्चू नका, ती वस्तू आठ-दहा लेव्हलनंतर कुचकामी होणार आहे. दर आठ-दहा लेव्हलला गिल्डमधल्या कुणाकडून अख्खा संच बनवून घ्या, ट्रेनिंग गुण असलेला, म्हणजे एक्सपीही वाढतो. हलकं, मध्यम, जड, तिन्ही प्रकारचं एक-एक तरी चिलखत अंगावर ठेवा, म्हणजे तिन्हींची स्किल लाइन पिकत राहते. घोड्याचा धडा पहिल्या दिवसापासून. एकटेच असाल आणि तिशीच्या लेव्हलमध्ये मन उडालं, तर लेव्हलकडे बघणं सोडा, अंगावरच्या गिअरच्या लेव्हलकडे बघा. आणि कंपू असेल तर सगळ्यांनी एकाच पक्षात जायचा आग्रह धरू नका. प्रत्येकाला हवी ती जमात आणि हवा तो पक्ष घेऊ द्या. युरोप आणि उत्तर अमेरिका यांपैकी सर्व्हर मात्र आधीच ठरवून सगळ्यांनी एकच घ्या, कारण कॅरेक्टर आणि सामान एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येत नाही.