पद्मिनीच्या क्रँकचं नायट्रायडिंग: चौदा महिन्यांनंतर

बाबांच्या १९८४च्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उघडलं, तेव्हा बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला बसतो तिथल्या) चारही जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांवर, नखाला लागतील एवढे ओरखडे होते. गाडी बनायची थांबून वीस वर्षं उलटलीत, चांगला क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) मिळणं नशिबावर. आहे तोच ग्राइंड करून त्यावर नायट्रायडिंग, म्हणजे पोलादात नायट्रोजन शिरवून वरचा थर कडक करायचं ठरवलं.

क्रँकला थोडा बाक होता. ग्राइंडिंगवाल्यानं प्रेसवर दाबून सरळ केला, २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइजला, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा बारीक, उतरवला आणि तसाच भोसरीला सॉल्ट बाथला (नायट्रायडिंगच्या वितळलेल्या मिठाच्या टाकीत) गेला. ५७० अंशांत दीड-दोन तास. करडा-काळा होऊन परत आला. व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनला (क्रँक इंजिनात ज्यावर टेकतो त्या जर्नलला) डायल (बाक मोजायचं घड्याळ) लावला आणि हळूच फिरवला, तर सुई ९ शतांश मिलिमीटर हलली! प्रेसनं कोंडलेला ताण तापल्यावर सुटला होता. ग्राइंडिंगच्या आधी ताण काढायला क्रँक तापवून घ्यायला हवा होता, हे मला कोणीच सांगितलं नाही. पुन्हा दाबावा तर कडक थर तडकणार, घासावा तर थरच जाणार. तो जेमतेम १०-२० मायक्रॉनचा. शेवटी ३० थाउला उतरवताना बाक काढला, प्रेसला हात लावू दिला नाही आणि पुन्हा बाथला दिला. या वेळी सरळ आला.

क्रँकमधल्या तेलाच्या वाटांचे बूच बाथच्या आधी काढा, नंतर आतलं मीठ गरम पाण्यानं आणि ब्रशनं धुवा. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडिंगमध्ये शाबूत राहिली का, तेही बघा. क्रँक तुटतो तो तिथूनच, आणि नायट्रायडिंगचा खरा फायदाही तिथेच. शेवटी फक्त पॉलिश. थर उरलाय का बघायला जर्नलच्या कडेला मोरचुदाच्या पाण्याचा थेंब टाकला. साध्या पोलादावर लगेच तांबूस डाग पडतो, इथे पडला नाही. थेंब लगेच पुसून तेल लावलं.

आता ८,४०० किलोमीटर झाले, त्यात घाटही आले. गेल्या महिन्यात संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) काढून तिसऱ्या बिगएंडची कॅप उघडली. मायक्रोमीटरवर बसवतानाचाच आकडा आला. शेलवर (जर्नलभोवतीच्या बेअरिंगच्या मऊ पत्र्यावर) मात्र कचऱ्याची एक बारीक रेघ होती. जर्नल कडक झाला म्हणून शेल वाचत नाही. पिकअप, आवाज यांत काही फरक नाही, त्या आशेनं करू नका. क्रँक सहज मिळणाऱ्या गाडीला मी हा खर्च करणार नाही, पद्मिनीला पुन्हा करीन.

माझ्या क्रँकला आता फार तर ४० थाउची एकच पायरी उरलीय, म्हणून तेल दर तीन हजारांना बदलतो.